मिमी नेमकी कुठे मरते?

पॅरिसवरचा एक वाद वर्षातून दोन-तीनदा तरी उसळी घेतो. कुणीतरी तिथे जाऊन येते, मेट्रोतला कुबट वास, नदीकाठचे उंदीर आणि कॉफीचे बिल यांचे वर्णन करते आणि निकाल देऊन टाकते: ‘प्रेमाचे शहर’ ही शुद्ध थाप आहे, जुन्या कवी-चित्रकारांनी रचलेली. लगेच दुसरा पक्ष धावून येतो. ज्याला नजर नाही त्याला काय दिसणार, त्या शहराच्या दगडादगडात काव्य आहे, कलावंतांनी फक्त त्यावरची धूळ झटकली. आवेश दोन्हीकडे भरपूर, आणि घोळही दोन्हीकडे तोच. लेखक-चित्रकारांनी आपल्यासमोर गुलाबी पॅरिस ठेवले, हे दोघांनीही न तपासता मान्य केलेले असते. एक त्याला फसवणूक म्हणतो, दुसरा देणगी म्हणतो, एवढाच काय तो फरक. पण त्या माणसांनी लिहिलेले वाचले, रंगवलेले नीट पाहिले, तर हे गृहीतकच कोसळते. त्यांच्या पॅरिसमध्ये कॉलरा आहे, क्षय आहे, दारू आहे, थकलेले भाडे आहे, मैलापाणी आहे. त्यांच्या कामातून नंतरच्यांनी काय काय कापून टाकले, यावर पॅरिसची रोमँटिक ख्याती उभी आहे. कात्री बहुतेक वेळा त्यांच्या हातात नव्हती. आणि त्या कातरलेल्या चित्राबरहुकूम पुढे खरे शहर राखले जाते, विकले जाते, त्यातून माणसे बाहेर काढली जातात. म्हणून हा वाद इतक्या ढिसाळपणे घालणे मला परवडण्यासारखे वाटत नाही.

मिमीचेच उदाहरण घ्या. थंडीने गारठलेली माळ्यावरची खोली, पैसे नसलेले चार कलंदर मित्र, खोकणारी मुलगी: हे चित्र जगभर पोचले ते पुचिनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरातून. त्याचा पहिला प्रयोग 1 फेब्रुवारी 1896 रोजी झाला, तोही पॅरिसमध्ये नव्हे, इटलीतल्या तुरीनमध्ये. त्याचे मूळ आंरी म्युर्जेच्या कथांत आहे. 1845 ते 1849 या काळात त्या पॅरिसच्या एका छोट्या वृत्तपत्रात येत होत्या, 1851 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. ऑपेरात मिमी त्या माळ्यावरच्या खोलीत, प्रियकराजवळ, मित्रांच्या गराड्यात प्राण सोडते. हातांना ऊब हवी म्हणून तिला फरचा मफ आणून देतात, एक मित्र औषधासाठी आपला कोट विकायला निघतो. म्युर्जेच्या पुस्तकात मिमी सार्वजनिक रुग्णालयात मरते. ती गेल्याची चुकीची बातमी तिच्या प्रियकराला, रोदोल्फला, मिळते, त्यामुळे तो तिला भेटायला जायचेच थांबवतो. प्रत्यक्षात तिला फक्त दुसऱ्या वॉर्डात हलवलेले असते. ती वाट पाहत राहते. खरी गोष्ट कळून तो धावत पोचतो तोवर ती खरोखरच गेलेली असते, आणि ज्या प्रेतांवर कुणी हक्क सांगत नाही ती वाहून नेणारी गाडी निघालेली असते, बेवारशांच्या खड्ड्याकडे.

मग तो मफ आणि ऑपेरातल्या पहिल्या भेटीतली ती मेणबत्ती कुठून आली? तीही म्युर्जेचीच आहेत, पण फ्रान्सीन नावाच्या वेगळ्या मुलीच्या वेगळ्या कथेतली. ऑपेराच्या संहिताकारांनी तिच्या कथेतला हळवा भाग उचलून मिमीला जोडला आणि मिमीचा वॉर्ड, ती चुकीची बातमी, ती गाडी काढून टाकली. आणखी एक गोष्ट गाळली, ती तर सगळ्यांत महत्त्वाची: पुस्तकाचा शेवट मिमीच्या मरणाशी होत नाही. वर्षभराने रोदोल्फ आणि त्याचा चित्रकार मित्र मार्सेल, दोघांचेही बरे चालले आहे. रोदोल्फ म्हणतो, चल, आपल्या जुन्या स्वस्त खाणावळीत जेवू. मार्सेल नकार देतो. भूतकाळाकडे बघायला त्याची हरकत नाही, पण ते चांगल्या खुर्चीत बसून, खऱ्या वाइनच्या बाटलीतून. रोमँटिक ख्याती कशी तयार होते याचे यापेक्षा नेमके वर्णन मला ठाऊक नाही, आणि ते ज्याच्यावर गरिबीला मोहक केल्याचा आरोप होतो त्या म्युर्जेनेच 1851 मध्ये लिहून ठेवले आहे. बोहेमियन आयुष्याचा रस्ता कुठे जातो हेही त्याने प्रस्तावनेत सांगितले होते: अकादमी, इस्पितळ किंवा शवागार.

पुचिनीला झोडपण्यासाठी मी हे सांगत नाही. दोन तासांच्या ऑपेराला स्वतःचे कायदे असतात. गायकांना एकत्र आणणारी जागा लागते, शेवटच्या अंकात सगळे रंगमंचावर लागतात. रुग्णालयाच्या कारकुनी चुकीवर कुणी आरिया, म्हणजे ऑपेरातले एकल गाणे, रचत नाही. माध्यम बदलले की काहीतरी गळतेच. प्रश्न पुढचा आहे. ऑपेरावरून पोस्टर होते, पोस्टरवरून पोस्टकार्ड, पोस्टकार्डावरून मोबाइलमधला फोटो, आणि प्रत्येक पायरीवर कात्री नेमक्या एकाच बाजूला चालते. किंमत दाखवणारा भाग जातो, शोभा राहते. चौथ्या पायरीवर उभे राहून पहिल्या पायरीवरच्या माणसाला खोटारडा म्हणणे हा कुठला न्याय?

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. पठ्ठे बापूरावांच्या लावणीतली मुंबई झगमगती, बांकी नगरी होती. अण्णाभाऊ साठ्यांनी त्याच लावणीच्या घाटात मलबार हिलची मुंबई आणि फुटपाथवरची मुंबई शेजारी-शेजारी आणून उभी केली. एकाच शहरावर, एकाच प्रकारात दोन रचना. ‘मायानगरी’ची जाहिरात करायची वेळ आली की यांतली कुठली ओळ उचलली जाईल, हे सांगायला कुणा अभ्यासकाची गरज नाही. निवड करणारा हात रचणाऱ्याचा नसतो.

फसवणूक म्हणणाऱ्यांचा सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे रोबेर दुआनोचा चुंबनाचा फोटो. पॅरिसच्या नगरभवनासमोर, वर्दळीत, एक तरुण चालता-चालता मैत्रिणीचे चुंबन घेतो आहे. 1950 मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ मासिकासाठी काढलेला हा फोटो पुढे पोस्टर म्हणून घराघरांत लागला, आणि 1990 च्या दशकात कोर्टकचेरी झाल्यावर दुआनोने मान्य केले की जोडपे ठरवून उभे केलेले होते. दोघे नाट्यशिक्षण घेणारे विद्यार्थी होते. घ्या, झाला की नाही खोटेपणा सिद्ध? हो, या एका फोटोपुरता झाला, तो नाकारण्यात अर्थ नाही. लोकांनी जे क्षणाचे टिपण समजून भिंतीवर लावले ते दिग्दर्शित दृश्य होते, आणि दुआनोने ते चाळीस वर्षे स्वतःहून सांगितले नाही. पण त्याच दुआनोने 1930 च्या दशकात रेनोच्या मोटार कारखान्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. त्याने पॅरिसच्या उपनगरांवर ब्लेझ सांद्रार या लेखकाबरोबर एक अख्खे पुस्तक केले. पडक्या भिंती, धुराडी, चिखल, रिकाम्या जागांत खेळणारी पोरे. ते पुस्तक आले 1949 मध्ये, म्हणजे चुंबनाच्या फक्त एक वर्ष आधी. दोन्ही कामे बाजारात होती. चाळीस वर्षांनी भिंतीवर कुठले लागले? आणि ते कुणी लावले?

काळ्याभोर वास्तवालाही कलाकार देखणे करतो, हीच खरी फसवणूक, असा यापुढचा आक्षेप येतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. बोदलेअरने भिकारणी, वेश्या, म्हाताऱ्या यांच्यावर इतक्या घडीव ओळी लिहिल्या की दुःखाचाही दागिना झाला, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. पण देखणे करणे आणि गोड करणे यांत फरक आहे, आणि तो त्या काळच्या सरकारला आपल्यापेक्षा चांगला कळत होता. 1857 मध्ये बोदलेअरवर खटला झाला, दंड झाला, संग्रहातल्या सहा कविता काढायला लावल्या. त्यांच्यावरची बंदी उठायला 1949 उजाडावे लागले. शहराची गोड जाहिरात करणाऱ्याला कुठले सरकार कोर्टात खेचते? देगाचे अ‍ॅबसिंथ ही कडक दारू पिणाऱ्या स्त्रीचे चित्र 1875-76 चे. एकाच बाकावर बसलेले दोघे, नजर नजरेला नाही, तिचे खांदे पडलेले, समोर हिरवट पेला. 1893 मध्ये ते लंडनमध्ये लागले तेव्हा तिथले समीक्षक अधःपतनाचा नमुना म्हणून त्याच्यावर तुटून पडले. आज तेच चित्र ‘पॅरिसचा कॅफे’ म्हणून वहीच्या मुखपृष्ठावर येते. चित्रातला एक ब्रशचा फटकाराही बदललेला नाही. झोलाच्या 1877 च्या कादंबरीतली धोबीण जेर्व्हेझ दारूत बुडून जिन्याखालच्या कोनाड्यात मरते, ती वस्ती मोंमार्त्रच्या टेकडीच्या पायथ्याशीच आहे. वर, टेकडीवर, पोस्टकार्डावरचा पांढराशुभ्र घुमट.

आता काइबॉतचे पावसाळी रस्त्याचे चित्र. 1877 सालचे, 212 बाय 276 सेंटिमीटर, म्हणजे माणसे जवळजवळ पुरुषभर उंचीची. छत्रीखाली जोडपे, ओले फरसबंदी दगड, गॅसचा दिवा. ‘पावसातले पॅरिस’ ही कल्पना ज्या थोड्या चित्रांनी रुजवली त्यांतले हे एक. चित्रासमोर जरा थांबा आणि मोजा: किती माणसे एकमेकांकडे पाहत आहेत? ते जोडपेसुद्धा एकमेकांकडे पाहत नाही, दोघांची नजर चौकटीबाहेर कुठेतरी लागली आहे. बाकीचे सगळे आपापल्या छत्रीखाली एकेकटे. मागच्या इमारती एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या, आणि नव्याकोऱ्या. ते शहर तेव्हा जेमतेम दहा-वीस वर्षांचे होते. ओसमान 1853 ते 1870 प्रशासक होता. त्याने जुन्या गल्ल्या पाडून सरळ रस्ते काढले, बेल्ग्रां या अभियंत्याने खाली पाणी आणि गटारांचे जाळे घातले. 1859 च्या नियमाने दर्शनी भिंतीची उंची रस्त्याच्या रुंदीशी बांधली: 20 मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावर 20 मीटर. त्यावर तिरके छप्पर, त्यावर जस्ताचे पत्रे. आज ज्याला आपण ‘पॅरिसचा खास रोमँटिक करडा रंग’ म्हणतो तो बराचसा या जस्ताच्या पत्र्याचा रंग आहे, आणि ते पत्रे घडवून बसवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. ख्यातीचे श्रेय मागणाऱ्यांच्या रांगेत कवी आणि चित्रकारांच्या बरोबरीने छपरावर चढणारा हा माणूसही उभा आहे, हे दोन्ही पक्ष विसरतात.

हे सरळ रस्ते काढताना कुणाची घरे गेली? शार्ल मार्व्हिल या छायाचित्रकाराला पालिकेनेच काम दिले होते: पाडायच्या गल्ल्यांची नोंद ठेवायची. त्याने त्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे काढली. वाकड्या भिंती, मधोमध वाहणारा नाला, ओला दगड. आज ती छायाचित्रे ‘हरवलेले जुने पॅरिस’ म्हणून हळहळत पाहिली जातात. अशा गल्ल्यांच्या या शहरात 1832 च्या कॉलऱ्याने अठरा हजारांहून अधिक माणसे मेली, हे फोटोत दिसत नाही. पण मार्व्हिलने ते लपवले असे कोण म्हणेल? त्याने पाडकामाची नोंद केली. हळहळ आपण आणली.

ह्यूगोच्या बाबतीत मात्र मला समोरच्यांना बरेच काही द्यावे लागेल. 1831 च्या त्याच्या कादंबरीतले नोत्र दाम हे पंधराव्या शतकाचे जितके आहे तितकेच त्याच्या कल्पनेचेही. कादंबरीने लोकांचे डोळे त्या मोडकळीला आलेल्या कॅथेड्रलकडे वळवले. पुढे दुरुस्तीचे काम लास्यू आणि व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदांकडे गेले, 1864 पर्यंत चालले. व्हियोले-ल-द्यूकने नुसती डागडुजी केली नाही. वरच्या कठड्यावर हात गालाला लावून शहराकडे बघणारा तो प्रसिद्ध दगडी राक्षस मध्ययुगीन नाही, तो त्याने बसवला. 2019 च्या आगीत कोसळला तो मनोराही त्याचाच, एकोणिसाव्या शतकातला. आग विझल्यावर नवे काही बांधावे की जुने, यावर चर्चा झाली आणि अखेर मनोरा त्याच रूपात उभा राहिला; डिसेंबर 2024 मध्ये कॅथेड्रल उघडले. म्हणजे कादंबरीने पेटवलेल्या कल्पनेतून दगड घडला आणि तो दगड आता ‘मूळ’ ठरला. यात बनाव नाही का? आहे. पण त्या बनावाविना मूळचे काय उरले असते, हाही हिशेब मांडायला हवा. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या ज्या काळात जुन्या इमारती दगडांसाठी विकत घेऊन पाडल्या जात होत्या, त्या काळात ह्यूगोने 1832 मध्ये पाडकाम करणाऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारणारा लेख लिहिला. कल्पनेने इमारत वाचवली, तिला थोडे सजवलेही. मी हा सौदा स्वीकारतो.

शिवाय ह्यूगो तिथेच थांबत नाही. 1862 च्या त्याच्या महाकादंबरीत नायक जखमी तरुणाला पाठीवर घेऊन पॅरिसच्या गटारातून चालतो, आणि त्याआधी ह्यूगो कथा थांबवून गटाराचा इतिहास सांगत बसतो. मैला नदीत सोडून पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँक पाण्यात घालते, तोच शेतात खत म्हणून गेला असता, असा हिशेब मांडतो. गटारावर इतकी पाने खर्च करणाऱ्या माणसावर शहराला अत्तर लावल्याचा आरोप? संक्षिप्त आवृत्त्यांत आणि रंगमंचावर ती पाने पहिली जातात. नायक गटारातून जातो, पण गटार कशासाठी आहे ते आपल्यापर्यंत पोचत नाही.

इतर शहरांचे याहून वाईट झाले आहे. व्हेनिसचा उसासे टाकणारा पूल बायरनने 1818 च्या कवितेतून जगाच्या नकाशावर आणला. तोवर व्हेनिसचे प्रजासत्ताक पडून वीस वर्षे होऊन गेली होती. पुढे रस्किन या इंग्रज कलासमीक्षकाने खडसावले की ज्याचे नाव लक्षात ठेवावे किंवा ज्याच्यासाठी हळहळावे असा एकही कैदी त्या पुलावरून गेलेला नाही. कुणी ऐकले का? व्हेरोनात ज्युलिएटची म्हणून दाखवतात ती गॅलरी विसाव्या शतकात, जुने संगमरवरी तुकडे वापरून, भिंतीला जोडलेली आहे. शेक्सपिअरच्या संहितेत ती वर, खिडकीशी दिसते; गॅलरी हा शब्दही तिथे नाही. लेखकाने लिहिलेच नाही ते बांधून त्याच्या नावावर खपवायचे आणि नंतर म्हणायचे, लेखकांनी फसवले!

कात्री स्वतःच्याच हाती असलेला एक मोठा लेखक मात्र आहे, आणि त्याला सोडून देणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1920 च्या दशकातल्या पॅरिसच्या आठवणींचे हेमिंग्वेचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर 1964 मध्ये आले. ‘गरीब होतो पण फार सुखी होतो’ हा त्याचा सूर जगाने डोक्यावर घेतला. घर साधे होते हे खरे, गरम पाणी नव्हते, संडास जिन्यात होता. पण त्याच्या पहिल्या पत्नीला वारशाच्या निधीतून वर्षाला सुमारे 3000 डॉलर मिळत होते. आणि डॉलर म्हणजे काय होते? युद्धाआधी एका डॉलरला पाच फ्रँकच्या आसपास मिळत. 1922 मध्ये बारा. जुलै 1926 मध्ये फ्रँक कोसळला तेव्हा पन्नासच्या जवळ. त्याच डॉलरमध्ये, काही न करता, अमेरिकी माणूस पॅरिसमध्ये श्रीमंत होत गेला, आणि त्याच काळात फ्रँकमध्ये बचत केलेल्या फ्रेंच पेन्शनराची पुंजी वितळत गेली. त्यात अमेरिकेत दारूबंदी, 1920 ते 1933. तरुण परदेशी लेखकांचा तो सगळा जथा सीन नदीकाठी कसा जमला याचे अर्धे उत्तर या विनिमयदरात आहे, आणि हेमिंग्वे ते आठवणींत पुरेसे सांगत नाही. हा आरोप मला मान्य आहे.

तरीही त्याच रस्त्यांवर दुसरे लेखक होते. ऑर्वेलने 1920 च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमधल्या हॉटेलच्या तळघरात भांडी घासली. ढेकूण, उपास, गहाण टाकलेले कपडे, सतरा-सतरा तासांचे काम, सगळे 1933 च्या पुस्तकात पैशापैशाच्या हिशेबासह आहे. लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीने 1924 मध्ये मोंमार्त्रच्या नाइटक्लबच्या स्वयंपाकघरात काम केले. जेम्स बॉल्डविन 1948 मध्ये चाळीस डॉलर खिशात घेऊन उतरला. पुढच्या वर्षी हॉटेलच्या एका चोरीच्या चादरीवरून त्याला तुरुंगात आठ दिवस काढावे लागले, आणि त्याने त्यावर निबंध लिहिला. यांतले काहीही दडवलेले नाही, सगळे दुकानात मिळते. नोव्हेंबर 2015 च्या हल्ल्यांनंतर फ्रान्समध्ये लोकांनी हेमिंग्वेचे पुस्तक इतके विकत घेतले की ते संपले. जखमी शहराला धीर हवा होता, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण वाचकच निवडतो, एवढे तरी यातून मान्य करावे.

आणि कधी कधी शहरात न राहिलेल्या, शहरावर न लिहिलेल्या लेखकाचेही ओझे शहरावर येते. पुलाला कुलूप लावून किल्ली नदीत टाकायची चाल फेदेरिको मोच्चा या इटालियन कादंबरीकाराच्या 2006 च्या कादंबरीतून रोमच्या पुलावर पसरली, तिथून पॅरिसला आली आणि ‘पॅरिसची परंपरा’ होऊन बसली. पों दे झार हा नाजूक पादचारी पूल. त्याच्या जाळीवर कुलुपावर कुलूप चढत गेले. जाळी माणसाने रेलावे एवढ्यासाठी केलेली, धातूचा भार पेलण्यासाठी नव्हे. जून 2014 मध्ये कठड्याचा एक भाग कोसळला. वर्षभराने पालिकेने सगळ्या जाळ्या उतरवल्या तेव्हा सुमारे 45 टन लोखंड-पितळ निघाले. त्या पुलावरून पंधरा मिनिटे चालत गेले की सँ-मिशेल पूल लागतो. 17 ऑक्टोबर 1961 च्या रात्री शांततेने मोर्चा काढणाऱ्या अल्जीरियन माणसांना पोलिसांनी मारले, कित्येकांना सीनमध्ये फेकले. तिथे स्मृतिफलक लागायला 2001 साल उजाडले. दोन्ही पूल एकाच नदीवर. एकाची आठवण काढायला वर्षाचे बारा महिने गर्दी, दुसऱ्याच्या फलकाला चाळीस वर्षे.

ही निवड निरुपद्रवी असती तर मी एवढे लिहिले नसते. ज्या गोष्टींनी ती कला शक्य केली त्या आठवून पाहा. 1860 पर्यंत मोंमार्त्र पॅरिसच्या कराच्या तटाबाहेर होते, म्हणून वाइन स्वस्त, म्हणून दारूचे अड्डे आणि नाचघरे, म्हणून नंतर चित्रकार. बातो-लाव्वार ही लाकडी इमारत, जिथे पिकासो 1904 पासून राहिला आणि 1907 मध्ये ज्या चित्राने आधुनिक कलेची दिशा बदलली ते त्याने काढले, तिथे सगळ्या बिऱ्हाडांना मिळून पाण्याचा एक नळ होता. पहिल्या महायुद्धात भाडी गोठवली गेली आणि नंतरही बराच काळ धरून ठेवली गेली, त्यामुळे दोन युद्धांमधल्या पॅरिसमध्ये कफल्लक माणसाला छप्पर मिळत होते. 1881 च्या कायद्याने छपाई आणि भित्तिपत्रके मोकळी झाली, म्हणून दहा वर्षांनी तुलूझ-लोत्रेकचे नाचघराचे पोस्टर भिंतीभिंतीवर चढू शकले. स्वस्त खोली, स्वस्त दारू, मोकळी भिंत, शेजारी धोबीण आणि सुतार. ख्याती या मिश्रणातून आली. आणि ती ख्याती आता त्या मिश्रणालाच गिळते आहे. 1921 मध्ये पॅरिस शहराच्या हद्दीत 29 लाख माणसे राहत होती, आज 21 लाखांच्या आसपास. सगळा दोष प्रतिमेला देणे चूक ठरेल. कारखाने बाहेर गेले, कुटुंबे लहान झाली, लोकांना मोठी घरे हवी होती. पण पर्यटकाला दिवसावारी देण्यासाठी रिकामी ठेवलेली खोली ही शेवटी कुणा भाडेकरूचीच खोली असते. पालिकेने राहत्या घरासाठी ही मुभा वर्षाला 120 दिवसांवरून 2025 पासून 90 दिवसांवर आणली ती उगाच नाही.

‘पॅरिस जसे आहे तसे राखा’ म्हणणारे इमारतींच्या उंचीबद्दल जागरूक असतात. 1973 चा 210 मीटरचा मोंपारनास मनोरा पाहून हादरलेल्या शहराने 1977 मध्ये 37 मीटरची मर्यादा घातली, मधे ती काही भागांत सैल झाली, 2023 मध्ये पुन्हा आवळली. मला ही मर्यादा पटते. पण छपरांची रेषा जपायची आणि छपराखालची मोलकरणीची खोली रात्रीच्या दराने द्यायची, याला शहर राखणे म्हणत नाहीत. काइबॉतच्याच 1875 च्या चित्रात उघड्या अंगाने लाकडी फरशी तासणारे तीन मजूर आहेत. त्या वर्षीच्या सरकारी प्रदर्शनाने ते चित्र नाकारले होते. त्या फरश्या अजून आहेत. तासणारे मात्र आता लोकल गाड्यांनी शहराबाहेरून येतात.

पॅरिसवर भाळलेल्यांनी एक चक्कर प्लास दे व्होज या चौकात मारावी. ह्यूगो 1832 ते 1848 तिथे 6 क्रमांकाच्या घरात राहिला, आता तिथे त्याचे संग्रहालय आहे, आणि कमानींखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. चौकाच्या मागच्याच बाजूला पोलिसांची जुनी बराक होती, कासेर्न दे मिनीम. शहरातल्या सगळ्यांत महागड्या वस्त्यांपैकी एका वस्तीत एवढी मोक्याची जागा. तिथे आलिशान हॉटेल सहज झाले असते. पालिकेने तिथे सुमारे 70 कमी भाड्याची घरे केली, खाली कारागिरांसाठी कार्यशाळा ठेवल्या, आवारातल्या मोटारींच्या जागी बाग लावली. आता तिथे खिडक्यांशी कपडे वाळत असतात.